पेन्सिलीचे गोल

मोहिनीचे सासरे नवलमास्तर बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. त्यांच्या छापील नोटेशनची मळकी पानं तिनं मोबाइलवर स्कॅन केली. ॲपनं डाग आणि पेन्सिलीच्या खुणा सगळं पुसून टाकलं. वाजवताना सगळ्यांना मोबाइलवर पाहता यावेत म्हणून ते स्वच्छ फोटो तिनं बँडच्या ग्रुपवर टाकले.

संध्याकाळी वरात निघताना ट्रम्पेटवाल्या लखनचा फोन आला. "वहिनी, पेन्सिलना गोल कोठे गयात?"

"ते डाग नव्हते?"

"मास्तरनी छाती आते पहिलेसारखी नही. गोल उना का मी वाजाडस, अन् मास्तर दम लेतस. मी वाजाडापर्यंत मास्तर थांबतस नहीत. जुना पानना फोटो धाडा, लवकर!"

तिनं घरातल्या मळक्या पानाचा फोटो काढून लखनला पाठवला. एकच टिक आली.

वरात मोहिनीच्या गल्लीत शिरली. क्लॅरिनेट थांबायचं नाव घेत नव्हती.