वीस थेंब

दादाचा फोन आला तेव्हा काकू तिसऱ्या नळीतला अकरावा थेंब मोजत होती. आठ वर्षं झाली तरी पीएच.डी. उरकेना, म्हणून लॅबमधल्या पोरांनी तिला काकू करून टाकलं होतं. तिच्याहून वीस वर्षांनी मोठे असलेले सरही काकूच म्हणत.

"बाबा गेले," दादा म्हणाला. "दोनला नेतील. तोंड बघायचं असेल तर लगेच नीघ."

ती बरं म्हणाली. साडेदहा झाले होते. रस्ता दोन तासांचा.

खोलीत अंधार केलेला होता. उजेडात रंग मरतो. फॉइल गुंडाळलेल्या काचेच्या कॉलममधून रंग लावलेलं प्रोटीन सावकाश उतरत होतं. त्याच्यामागून कशालाच न चिकटलेला फुकटा रंग. दोघांना वेगळं करायचं, एवढंच काम. वीस थेंब झाले की नळी बदलायची. चुकलं तर सहा महिन्यांची मेहनत गटारात.

हे सगळं तिने दादाला समजावून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, की थेंब दुसऱ्या कुणाला मोजता येत नाहीत का. प्रश्न बरोबर होता. तिने फोन पालथा ठेवला.

सातव्या नळीत प्रोटीन आलं. निळ्या दिव्याखाली हिरवंगार चमकलं. तिने ती नळी बर्फात खोचली. मग फुकटा रंग आला, तोही संपला. काकू मोजत राहिली.

पावणेबाराला सर आत आले. दादाने शेवटी ऑफिसात फोन केला होता. या आठ वर्षांत सरांनी निकाल सोडून लॅबमधल्या कशालाच हात लावला नव्हता. ते "अरेरे" म्हणायच्या तयारीने आले होते, पण रॅक बघून ते राहून गेलं. एकतीस नळ्या. प्रत्येकीवर सुबक आकडा. शेवटच्या दोन-चार त्यांनी दिव्याखाली धरून पाहिल्या.

"काकू, हे नुसतं पाणी आहे."

"माहितेय."

"मग?"

"अजून पडतंय ना, सर."

कॉलमच्या वरची बाटली निम्मी भरलेली होती. संध्याकाळपर्यंत सहज पुरली असती. तोटी बंद करायला सरांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. दुसरं स्टूल ओढलं. हातमोजे चढवले, ते त्यांना लहान होत होते.

"कितीवर आहे?"

"चौदा."

"पंधरा," सर म्हणाले. "खाली माझी गाडी उभी आहे. ड्रायव्हरला पत्ता दिलाय."

काकू उठली. दार ओढून घेताना आतून तिला अठरा ऐकू आलं.