वहीतल्या वेळा

डोंगरे सिस्टरचं पत्र येऊन पंधरा दिवस झाले, तरी मी उत्तर दिलं नव्हतं. "काका, कामात संथ म्हणून माझी चौकशी लागलीय. तुम्ही वॉर्डात पडल्या पडल्या वहीत वेळा लिहायचात. माझ्याबद्दल काही असेल तर पाठवाल का?"

वेळा होत्या, पण त्यांत मला तिचा उशीरच दिसत होता. आठचं इंजेक्शन नऊला, दहाचं ड्रेसिंग साडेअकराला. खोटं लिहिणं जमेना आणि खरं तिला बुडवणार, म्हणून पत्र एका पुस्तकात ठेवून दिलं.

काल पुस्तकातलं ते पत्र आणि ती वही दोन्ही बायकोच्या हाती लागलं. चष्मा लावून ती मोठ्यानं वाचू लागली. "आठला बीपीचं मशीन शोधायला खालच्या मजल्यावर. साडेआठला पेशंटला एक्स-रेला स्वतः नेलं, वॉर्डबॉय नाही. दहाला औषधांसाठी स्टोअरच्या रांगेत. अकराला रजिस्टर. पेशंट बेचाळीस, सिस्टर एक."

ती थांबली. "अहो, ही बसली कधी, ते कुठं लिहिलंय?"

मी पानं उलटून पाहिली. मी वॉर्डात होतो त्या सहा दिवसांत ते कुठंच नव्हतं.

"चौकशी सोमवारी आहे ना? मग आता उत्तराची भाषा सुधारत बसू नका, ही पानंच पाठवा."

पुस्तकाचं पान कुणी दुमडलं तरी मला सहन होत नाही. आज सकाळी वहीची ती सगळी पानं मी स्वतः फाडली. सोबत एकच ओळ लिहिली, 'यात विनाकारण झालेला उशीर फक्त माझ्या उत्तराचा आहे,' आणि पाकीट स्पीड पोस्टाच्या खिडकीत दिलं.