बडबडीचा तास

शनिवारी चार वाजता फर्निचरच्या कारखान्यातली यंत्रं थांबली. नव्या मालकीणबाईंनी सुरू केलेला हा तास. त्यात कुणीही मनातलं बोलावं, त्याला कुणी हसू नये. भिकूमेस्त्री त्याला ‘बडबडीचा तास’ म्हणत.

आज मात्र विषय एकच होता. बालवाडीला पाठवलेली साठ स्टुलं परत आली होती. तिथल्या उंचसखल फरशीवर ती डुगडुगत होती. सोमवारपर्यंत उपाय सापडला नाही तर कंत्राट जाणार, आणि कारखान्याला कुलूप लागणार.

सुगंधा उठली. आठ वर्षं ती मुकाट्याने लाकूड घासत आली होती. “बाई, माझा पोळपाट कुठंही ठेवा, डुगडुगत नाही. त्याला तीनच पाय आहेत.”

“पोळपाटावर पोरं बसवणार काय गो?” भिकूमेस्त्री हसले.

मालकीणबाई हसल्या नाहीत. “मेस्त्री, एक पाय काढा. उरलेले तीन पसरून बसवा.”

तासाभरात स्टूल अंगणातल्या खडबडीत जांभ्या दगडांवर आलं. भिकूमेस्त्री आपले नव्वद किलो घेऊन त्यावर बसले, पुढेमागे झुलले. स्टूल डुगडुगलं नाही! सुगंधाने टाळीच वाजवली.

मेस्त्री उठायलाच तयार नव्हते. “बाई, पुढच्या शनिवारी बोलायला पहिला नंबर माझा!”