तीन दिवसांचं पुरळ

गाडी कोपऱ्यावर वळली, तरी मावशी फाटकापाशी हात हलवत उभीच होती.

"चल आत," ताई म्हणाली. "पोहोचली की मेसेज करेल ती."

ताईच्या लेकीला दुसऱ्या शहरात छापखान्यात नोकरी लागली होती. घर सोडून ती पहिल्यांदाच चालली होती. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू घेऊनच ती आली. ऑपरेशननंतर जाड भिंगांचा चष्मा लागला, तेव्हापासून ती सगळ्यांची भिंगरी. तिलाही ते नाव आवडायचं.

भिंगरीच्या वेळी ताईला दुसरा महिना होता. उलट्यांनी जीव नकोसा झाला म्हणून तिने धाकट्या बहिणीला मदतीला बोलावून घेतलं. दोन-अडीच आठवड्यांनी मावशीला ताप भरला, अंगभर बारीक पुरळ उठलं आणि तीन दिवसांत गेलंही. कुणी मनावर घेतलं नाही.

भिंगरी जन्मली तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "सुरुवातीच्या महिन्यांत तुम्हाला किंवा घरात कुणाला पुरळ आलं होतं? त्याची लागण गरोदरपणात आईला झाली, तर बाळाच्या कानाडोळ्यांवर जाते."

ताईने मावशीकडे पाहिलं. बोलली काहीच नाही.

मावशी परत गेली नाही. खुणांची भाषा ताईच्या आधी तीच शिकली. चष्म्याच्या दुकानात कामाला लागली. भिंगरीच्या काचा ती दुसऱ्या कुणाला घासू द्यायची नाही. दुकानातला एक भला माणूस तिला दोनदा मागणी घालायला घरी आला.

"तू तुझं बघ बाई," ताई म्हणाली होती. "मी रेटीन कसंतरी."

दोन्ही वेळा मावशीने नाही म्हटलं. तिसऱ्यांदा तो आला नाही.

आत येऊन मावशीने चहा टाकला. गाळताना पाहिलं तर समोर तीन कप मांडलेले. तिसरा उचलून ठेवताना तिला हुंदका आवरेना.

"ताई, बावीस वर्षं तोंड उघडायचा धीर झाला नाही. माझ्यामुळे झालं गं पोरीचं हे. मला माफ कर."

ताई ओट्याला धरून खाली बसली.

"मला एकटीला नसतं झेपलं गं," ती म्हणाली.

"काय नसतं झेपलं?"

"तुला बोलावून घेतलं ना, तेव्हा माझ्या अंगावरचं पुरळ नुकतंच ओसरलं होतं."