सांगलीहून आलेली मदत

बायकोच्या तेराव्याला मेव्हण्यानं आणलेली टॉवेल-टोपी मी घेतली नाही. "बहिणीच्या आजारपणात दमडी दिली नाहीस, आता कशाला आलास?" सगळ्यांदेखत विचारलं. तो मान खाली घालून गेला.

उपचारासाठी क्रिप्टोमधून बिननावी मदत आली होती. नेटवर्कवर ती सर्वांत आधी सांगलीच्या कॉम्प्युटरवरून जाहीर झालेली दिसली, म्हणून मी सांगलीत राहणाऱ्या माझ्या भावाला मिठी मारली होती. त्यानंही नाही म्हटलं नव्हतं.

आज मुलगी म्हणाली, "बाबा, पाठवणारा कळू नये म्हणून असे व्यवहार आधी दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरांतून गुपचूप फिरतात, मग कुठूनही जाहीर होतात."

"म्हणजे पैसे मामानं पाठवले?"

"कुणीही. ते कळणार नाही."

मी फोन लावताच मेव्हण्यानं विचारलं, "दाजी, जेवलात का?"

ती गेल्यापासून हे कोणी विचारलं नव्हतं.