खाऱ्या पाण्यावरचं गवत

पायरीपाशी गवत पिवळं पडलं होतं. सरस्वती खिडकीतल्या खुर्चीतूनच ते बघत होती.

"मी तवाच बोलले," ती नवऱ्याला म्हणाली. "बोअरचं मचूळ पानी नका घालू."

"खाऱ्या पान्यावर जगनारं गवत हाय ह्ये," हरेश ठासून म्हणाला. "सगल्या खाडीकाठाला ह्येच लावतान."

खाडी कुंपणाच्या पलीकडेच होती. अंगणात एका कढीपत्त्याशिवाय दुसरं काही धरतच नसे.

पडल्यावर खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून सरस्वतीने उंबरठा ओलांडला नव्हता. हाड जुळलंय, आता चालाल तरच चालाल, असं डॉक्टर सांगून थकले. पण पाऊल उचलायचं म्हटलं की ती खुर्चीचे हात घट्ट धरून बसायची. हरेशने हात धरून बघितलं, आवाज चढवून बघितलं. लेक निशिगंधा कोपरखैरण्याहून येऊन रडून गेली. शेवटी हरेशने तो विषयच सोडला आणि गुडघे टेकून अंगणभर एकेक ठोंब लावत बसला.

आता तेच गवत जळत होतं. आणि त्या हट्टी माणसाला समजावणार कोण?

दुपारी तो घोरायला लागला, तशी सरस्वतीने नळाच्या गोड्या पाण्याची बाटली कमरेला खोचली आणि वॉकर पुढे सरकवला. उंबरठ्याशी बराच वेळ थांबली. मग जीव मुठीत धरून पाऊल टाकलं. पायरीवर टेकून बाटली रिकामी केली आणि धापा टाकत परत आली. हरेशने नुसती कूस बदलली.

काही दिवसांनी तिथे हिरवे कोंभ फुटले.

"बघ! खाऱ्या पान्याची कमाल!" हरेश म्हणाला.

"तं काय," ती म्हणाली आणि गालात हसली. माणसाचा मान राहिला, एवढं तिला पुरे होतं.

मग कढीपत्त्याखाली गवतावर पिवळा डाग पडला. तो भरतोय तोवर पंपाजवळ. सरस्वतीची दुपारची फेरी लांबत गेली. वॉकर सुटला, काठी आली. गवत मऊ लागायचं म्हणून ती चप्पल पायरीशीच काढून ठेवू लागली. एकदा तर काठीही तिथेच विसरली. मग पार फाटकापाशी डाग उमटला. ती तिथवरही गेली.

दिवाळीला निशिगंधा राहायला आली होती. सकाळी सरस्वतीला जाग आली, तर घरात कुणीच नव्हतं. ती दारात आली.

हरेश फाटकापाशी उकिडवा बसला होता. त्याच्या हातातल्या पातेल्यातून वाफा निघत होत्या. लेक शेजारी उभी होती.

"बाबा, चांगल्या गवतावर अजून किती दिवस उकळतं पानी ओतनार?"

"फाटकापरेंत चालत आली ना ती?" हरेशने पातेलं उपडं केलं. "आता रस्त्यापल्याड थोडं गवत लावू."