ठणठणीत

कात्रजच्या सकारात्मक विचारांच्या शिबिरातून एस्तेर परतली ती नुसती फुलूनच! तिथले सर म्हणाले होते, आजार मनात असतो, विचार बदलले की कॅन्सरसुद्धा पळतो. मग काय, घरात आजाराचं नावच बंद! अंथरुणावरच्या शमुवेलला, तिच्या नवऱ्याला, प्रभुभोजनाची भाकर नि द्राक्षारस द्यायला चर्चचे पाळक आले, तर हिनं दारातच अडवलं. "नको पास्टर. आजाऱ्यासाठी प्रार्थना म्हणजे निगेटिव्ह व्हायब्स." बिचारे तसेच जिना उतरले. शमुवेल दिवसभर पुटपुटायचा, "मी ठणठणीत आहे."

शेवटच्या दिवशी त्याचा श्वास अडकायला लागला, तेव्हा घाबरून तीच म्हणाली, "अहो, प्रभूला हाक मारा ना!"

त्यानं अपराध्यासारखं तिच्याकडे बघितलं.

"सॉरी गं. मलाच नीट विचार करायला जमलं नाही."